टाकीवरची जागा

पेट्रोलच्या टाकीचा कढत उंचवटा मांड्यांना चटकतो आहे, टाळूवर बाबांची हनुवटी टेकली आहे, आणि माझ्या मुठीत सागाचं एक पान आहे, एवढं मोठं की त्याच्याआड रस्ताच दिसत नाही... माझं बालपण मला इथपासून आठवतं. एटापल्लीच्या सडकेवर बाबा बुलेट हळू करतात आणि कानाशी म्हणतात, "आला वाघोबा. टाक पान." मी पान सोडते, ते सडकेकडेच्या वाघदेवाच्या दगडावर सरळ पडतं आणि आम्ही पुढे निघतो.

आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. देवदेव घरात कुणी करत नसे. मग दगडाला पान कशाला, असं विचारलं की बाबा हसत. "देव नाई मानत आपण. पण त्या जंगलात वाघ तर मानाच लागते!"

बाबा एटापल्लीच्या पलीकडे शिक्षक आणि आमचं बिऱ्हाड बल्लारपूरला. सोमवारी सकाळी ते निघत ते थेट शनिवारी संध्याकाळी परतत. गल्लीच्या तोंडाशी बुलेटची धडधड ऐकू आली की आई चहाचं आधण ठेवी, आणि बाबांच्या कापडी पिशवीतून, ऋतू असेल तर, मोहाच्या फुलांचा तो गोड, आंबूस, डोक्यात चढणारा दरवळ घरभर पसरे. आई ती फुलं अंगणात पोत्यावर वाळत घाली, आणि धूळ, ऑइल, मोह आणि बाबांचा घाम यांचा मिळून जो एक वास होई, तो माझ्यासाठी रविवारचा वास होता.

बाबांच्या मागे ती बुलेट माझ्याकडे आली. मोठी जुनी, मोठी हट्टी. तिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. जगाच्या उलटी खोपडी! दुसऱ्या कुणाची गाडी हाती घेतली की माझे पाय गोंधळतात: थांबायला जाते आणि गिअर पडतो, गिअर टाकायला जाते आणि गाडी गचकन उभी राहते. तिच्यावर मी जिवतीचे डोंगर चढले, सिरोंच्यापर्यंत जाऊन गोदावरी पाहून आले. एटापल्लीच्या सडकेला मात्र बाबांशिवाय कधी वळले नाही. बाईमाणसानं फटफटी उडवावी म्हणून लोकांनी नावं ठेवून पाहिली, मग तेच दमले. पण खरं सांगते, इतकी वर्षं ती मी जपली ती टाकीवरच्या त्या जागेसाठी. बाबांनी मला सोबत नेलं होतं, एवढाच माझा तोरा.

त्या आठवणीत एक गोष्ट मात्र कधी जुळली नाही. जंगलाच्या त्या सडकेवर मला कागद कारखान्याचा वास येतो — तोच, बल्लारपूरच्या हवेतला, कोबी जास्त शिजल्यासारखा. सागाच्या वनात हा वास कुठून यावा?

यंदा दिवाळीला धाकटा भाऊ सुनील नागपूरहून आला. अंगणात टाकीवर हात फिरवत म्हणाला, "ताई, गाडी आता मले दे. बाबांच्या समोर टाकीवर मीच तर बसत होतो. वाघोबाले पान टाकत होतो."

"तू कुठी होता? मी होती टाकीवर!"

पण त्याच्या आठवणीतही टाळूवर तीच हनुवटी होती, तेच पान, तोच दगड. या वयात मला त्याचा मत्सर वाटला, आणि मत्सराहून जास्त भीती. ती जागा त्याची असेल, तर मी एवढी वर्षं काय उराशी धरून बसले होते?

दुसऱ्या दिवशी त्याला मागे बसवून मी एटापल्लीची सडक धरली. वाटेत आम्ही सागाची दोन पानं तोडली, ज्याचं त्यानं आपापलं. वारा असा, की पान हातातून ओढून नेत होता. शेवटी ती पिशवीत घातली. वळणं आली, नाले आले, पण डोळे मिटून मी जो रस्ता पाहते त्यातलं एकही वळण इथे नव्हतं. बकऱ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला वाघोबाचा दगड विचारला. "या सडकेनं? नाई बाई. मी इथीच म्हातारा झालो." मी गाडी वळवली. परतताना तर मला हेही कळेना, की आपण चुकलो ते रस्त्यात की आठवणीत.

घरी आई तांदूळ निवडत होती. दगड सापडला नाही हे ऐकून मान वर न करता म्हणाली, "तुमी दोघंबी त्या सडकेनं कधी गेलेच नाई."

मग तिनं सांगितलं. "सोमवारी गाडीसमोर आडवे पडून रडत होते दोघंबी, आमाले न्या म्हणून. वाघाच्या रस्त्यानं लेकरं कशी नेतीन ते? मंग रविवारी गाडी इथीच उन्हात स्टँडवर उभी करत. एकाले बसवत, त्याले उतरवून दुसऱ्याले. अन् तोंडानं सांगत — आता नाला आला, आता चढ आला, आता वाघोबा." तिनं बोट केलं ते अंगणातल्या धुण्याच्या दगडाकडे.

"म्हंजे बाबांनी आमाले कुठीच नाई नेलं?" सुनीलचा आवाज लहान झाला होता.

"नेलं ना. वाघोबापर्यंत जाऊन वापस." आईनं एक खडा बाजूला टाकला. "पानं तेवढी खरी, जंगलातली. शनिवारी येतानी तोडून आणत. दोन."

कारखान्याचा वास जुळला, टाकीचा चटकाही जुळला. तरी मी गोंधळलेलीच आहे. डोळे मिटले की ती सडक अजून दिसते, आणि तिला खोटी म्हणायला जीभ उचलत नाही. सुनीलनं गाडी पुन्हा मागितली नाही, मीही ती माझी आहे असं म्हटलं नाही. त्यानं पिशवीतली पानं काढली. जरा कोमेजली होती. एक मला दिलं, एक स्वतःकडे ठेवलं, आणि आम्ही दोघं धुण्याच्या दगडापाशी गेलो.

मी पान सोडलं. अंगणात वारा नव्हता. ते सरळ दगडावर पडलं.