कोरडा चमचा

कॉफीकाकांना कॉफी हुंगावी लागत नसे. चिमूटभर भुकटी अंगठा आणि तर्जनीत चोळली, की ती कशी वाळवली आहे ते सांगत. सेनगावजवळच्या तांड्यावरचा हा माणूस दक्षिणेतल्या एका इन्स्टंट कॉफीच्या कारखान्यात सोळा वर्षं राबून खोकला घेऊन परतला होता.

"गरम हवेत फवारून वाळवली की पीठ होतं," ते म्हणायचे. "पाण्यावर तरंगतं, गुठळ्या धरतं. बर्फ करून वाळवली की दाणा टोकदार, आतून जाळीदार. थंड पाण्यातबी विरघळून जातो." मी तेव्हा मजुरांच्या हक्कांची पत्रकं लिहून वाटायचो. मग काका माझ्याकडे बघून हसायचे. "तुझी पत्रकं फवाऱ्याची हायेत लेका. लई गरम, अन् वरवर तरंगून राहिली."

मी चिडायचो. त्यांच्या घरी कॉफीच्या डब्याला हात लावला की एकच हुकूम असे : "चमचा कोरडा ठेव. ओल लागली की ढेकूळ झालंच."

त्यांची धाप वाढली, तेव्हा उपचार कारखान्याने करावेत म्हणून मी अर्ज लिहिला. तिथे काम केल्याचा एक कागद हवा होता. तो नव्हता. काकांकडे तेव्हा ओळखपत्रच नव्हतं, म्हणून मुकादमाने त्यांना धाकट्या भावाच्या कार्डावर आत घेतलं. तांड्यावरचे कितीतरी जण असेच गेले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. हजेरी भावाची लागली, भुकटी काकांच्या छातीत गेली.

हिंगोलीच्या कामगार कार्यालयात साहेबांनी विचारलं, "पुरावा?"

काकांनी टेबलावरची कॉफीची बाटली उघडली. आत दगड झाला होता. त्यांनी नखाने खरवडून चोळलं. "फवाऱ्याची हाय साहेब. मागून वाफ देऊन दाणे केलेले. ओला चमचा कुनी घातला?"

शिपाई ओशाळला. साहेब मनापासून हसले. "वा! पण काका, तुमची बोटं मी फाइलीला कशी लावू?"

"व्हय, ते बराबर हाय," काका म्हणाले. मला सगळ्यात जास्त संताप त्या 'बराबर'चा आला.

आणखी तीन अर्ज केले. पत्रकं वाटली. काका दिवाळीआधी गेले. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र नाव त्यांचं स्वतःचं आहे, बिनचूक.

गेल्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या कामासाठी त्याच कार्यालयात गेलो. साहेबांनी ओळखलं, बाटली पुढे सरकवली. "पुन्हा दगड झाला बघा. तुमच्या काकांना विचारा ना, काय करायचं?"

घशाशी अख्खं पत्रक आलं होतं.

"चमचा कोरडा ठेवा," मी म्हणालो.