मिठागरातले पाय

"ह्याचे पाय धुवायचे, फादर? बघा तरी कसे आहेत. फोटोवाला समोर उभा आहे."

भर देवळात, वेदीसमोर, माझ्या बापसाबद्दल हे बोलणं. बोलणारा बंगलेवाला. देवळाच्या कमिटीतला मोठा माणूस. आमच्या मुलुंडच्या गावठणात त्याचा शब्द मोडणार कोण?

ऐंशीच्या पुढची सालं. गुड फ्रायडेचा आदला दिवस. त्या गुरुवारी बारा पुरुष पुढे खुर्च्यांवर बसतात आणि फादर गुडघे टेकून त्यांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले होते म्हणून. त्या वर्षी बाराजणांत माझा बापूस होता.

जन्म मिठागरात गेला त्याचा. खारं पाणी पाय खातं हो. नखं पिवळी, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. आणि आमच्यातली गंमत ऐका, देवळात पाय धुवून घ्यायचे तर घरून पाय धुवून जायचं! फादरला मळ दिसता कामा नये. दुपारभर बापूस नळावर बसून दगडाने टाचा घासत होता. रक्त आलं. वर खोबरेल चोपडलं. आय म्हणाली, "काय नवरदेवा, वरात कुठे चालली?" तर लाजला.

आणि हा बंगलेवाला, वयाने केवढा लहान, त्याला म्हणतो, "तू मागं बस रे. पुढच्या वर्षी बघू तुझं."

खुर्चीवर त्याचा दुबईहून आलेला भाचा बसला. फादरनी खाली बघितलं. खालीच बघत राहिले. बापूस अनवाणी चालत शेवटच्या बाकावर गेला. पाय बाकाखाली ओढून बसला.

पाणी ओतणं सुरू झालं. भाच्याच्या पायांना पावडर होती हो. पावडर! फोटोचा उजेड चमकला.

बाप्तिस्मा मला पाळण्यातच मिळाला होता. रविवारची मिस्सा कधी चुकवली नाही, रोझरीच्या माळेची प्रार्थना तोंडपाठ. पण तो विश्वास नव्हता, सवय होती. त्या क्षणी राग उसळला, तीच मला आलेली देवाची हाक. देवळात बाजार मांडणाऱ्यांची मेजं उलथून टाकणारा येशू मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. तसबिरीतला गोरा, शांत नव्हे. चिडलेला. आमच्या बाजूचा.

उठले. वेदीजवळच्या टेबलावरची पाण्याची दुसरी सुरई उचलली, मधल्या वाटेने मागे गेले आणि बापसापुढे गुडघे टेकले.

"सोड गो बाय. लोक बघतात."

"बघू देत. पाय पुढे कर, पापा."

पाणी भेगांत शिरलं तसा कळवळला. मी पदराने पुसले.

पुढून बंगलेवाला ओरडला, "ए पोरी, देवळात तमाशा नको!"

"तमाशा तिकडे चाललाय," मी म्हटलं. "काढा फोटो."

कोणी माझ्या बाजूने उठलं नाही. शेजारणींनी बोलणं टाकलं. बापूससुद्धा घुश्शात होता. त्याला पुढे बसायचं होतं ना. ती खुर्ची त्याला कधीच मिळाली नाही. तसाच गेला.

लोक म्हणतात, एवढा राग आहे तर देऊळ सोड. का सोडू? देऊळ म्हणजे त्यांच्या बंगल्याचा ओटा नाही. आणि राग गेला तर माझ्या विश्वासात उरलं काय?

दर वर्षी त्या गुरुवारी मी पहिल्या बाकावर बसते. कळशी घरून भरून नेते. आता उठवून दाखवा कोणाला.