साहेबांच्या मागून चालताना

डॉक्टरांनी ईसीजीच्या कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रोज अर्धा तास भरभर चाला. जरा धाप लागली पाहिजे. तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर अँजिओग्राफी करू." त्या शब्दाने मी हबकलो. त्याच संध्याकाळी उल्हासनगरला जाऊन बूट घेतले. "साईं, इसमें आदमी चलता नहीं, उडता है," दुकानदार म्हणाला.

उडायचं कुठून? अंबरनाथ पूर्वेला आमच्या कारखान्यातल्या पाच निवृत्तांचा सकाळचा कंपू आहे. पहिल्याच दिवशी मी त्यांना छातीचं दुखणं सांगितलं आणि त्यांच्यात सामील झालो. सगळ्यांत पुढे आमचे जुने साहेब. कारखान्यात राउंडला निघाल्यावर साहेबांच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, हा रिवाज. आम्ही निवृत्त झालो, रिवाज झाला नाही.

साहेब हात मागे बांधून चिखलोलीच्या रस्त्याने निघत. दर नव्या बिल्डिंगपाशी थांबून वर बघत आणि म्हणत, "प्लास्टर कच्चं आहे." आम्हीही थांबून माना डोलवायचो. तिकडे बिल्डिंगी काही थोड्या नाहीत. माझी बायको तिच्या मैत्रिणींबरोबर मागून येई आणि आम्हाला ओलांडून जाई. परतताना पुन्हा भेटली की माझ्याकडे बघून कपाळाला हात लावी. मला घाम म्हणून कधी आला नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, "चालता ना नक्की?"

"एक दिवस चुकवला नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. गुरुवारची अँजिओग्राफी ठरली.

दुसऱ्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. सदुसष्ट वर्षांचा घोडा मी, आणि अजून रजेचा अर्ज घेऊन उभा असल्यासारखा घाबरतो. तरी तोंडातून निघालं ते असं: "साहेब, परवानगी असेल तर जरा पुढे होऊ का?"

साहेब थांबले. "अहो, मलाही डॉक्टरांनी भरभरच चालायला सांगितलंय. पण तुमच्या छातीचं ऐकलं आणि म्हटलं, यांची फरफट नको. म्हणून थांबत होतो. मला प्लास्टरमधलं काय कळतंय?"

मला भरून आलं, आणि स्वतःचा रागही आला. मी गुरुवारचं सांगितलं.

"माझी शनिवारी आहे," साहेब म्हणाले. "तिथेच."

भीती होतीच, पण त्याहून जास्त अवघडल्यासारखं झालं, ते माझा नंबर साहेबांच्या आधी लागला म्हणून.