मावशीचा संशय आणि गाडीचा टेप

माझी मावशी कुणावरही विश्वास ठेवत नाही, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नाही. दूधवाला पाणी घालतो, डॉक्टर उगाच तपासण्या सांगतात, शेजारीण मीठ मागायला येते ती खरं तर स्वयंपाकघर न्याहाळायला येते. आणि मी तिची लाडकी भाची असले, तरी सारखी तिच्याकडे येते यामागे माझा काहीतरी डाव असणारच, असं तिचं ठाम मत आहे. डाव वगैरे काही नाही, मला ती आवडते. पण हे तिला सांगितलं की तिचा संशय आणखीच बळावतो.

तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिची अख्खी नोकरी एका कापड कारखान्यात बायकांच्या फाटकावर झडती घेण्यात गेली. शिफ्ट सुटली की बायका रांगेने बाहेर पडायच्या आणि मावशी एकेकीला तपासायची. तिकडे तिला सगळे एक्सरेबाई म्हणत. पिशवीत हात घालायच्या आधी ती समोरचीच्या डोळ्यांत बघायची. सरळ बघेल ती सुटली, नजर चुकवेल ती बाजूला. एवढ्या एका युक्तीवर तिने कापडाचे तुकडे, दोऱ्याची रिळं आणि एकदा तर शिवणयंत्राची मोटार पकडली होती. निवृत्त झाली तशी ही झडती घरी आली, आणि घरात सापडायला एकटे काका होते.

काका फिरतीच्या नोकरीतले. औषधं विकत गावोगाव हिंडलेले, गाडी म्हणजे जीव की प्राण. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय, गाडी चालवणं आजपासून बंद. काकांनी निमूटपणे किल्ली मावशीच्या हातात ठेवली. दुसरी बाई असती तर तिचा गळा भरून आला असता. मावशीने विचारलं, "आणि दुसरी कुठेय?"

मग त्या वयात ती स्वतः गाडी शिकली. ती चालवायची, काका शेजारी बसायचे आणि टेप सांभाळायचे. टेप म्हणजे त्या जुन्या गाडीसोबत कंपनीकडूनच आलेला रेडिओ. बोटांना जाणवतील अशी जाडजूड बटणं, आवाजासाठी एक गोल फिरकी, आणि कोपऱ्यात हिरवं घड्याळ. डोळ्यांच्या डॉक्टरांशी मावशीचं कडाक्याचं भांडण झालेलं असल्यामुळे तिकडे काका एकटेच जायचे आणि परत येऊन सांगायचे, "आहे तसंच आहे."

एके दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. बॅटरी पार उतरलेली. गॅरेजवाल्याने दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून ती सुरू करून दिली, तर घड्याळात बारा वाजलेले आणि रेडिओची सगळी स्टेशनं गायब. चार दिवसांनी पुन्हा तेच. मावशीने मला फोन करून बोलावून घेतलं आणि दार लावून हळूच म्हणाली, "मी फिरायला जाते ना सकाळी, तेवढ्यात हे गाडी काढतात."

"अगं, काहीतरीच काय! डॉक्टरांनी सांगितलंय ना त्यांना?"

"म्हणून तर चोरून काढतात. एखाद्याचं पोर चाकाखाली आलं तर? स्वतः कुठे आपटले तर? मी काय करू मग?"

हे विचारताना तिचा आवाज कापला. मला हसू येत होतं ते तिथेच थांबलं. संशय तिचा नेहमीचाच होता, पण या वेळी तिला भीती वाटत होती.

तिने किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. तरी बॅटरी उतरलीच. म्हणजे यांनी दुसरी किल्ली करून घेतली, असं ठरलं. मग ती गाडीखाली वाकून टायरवर आणि फरशीवर खडूची रेघ ओढून आली. रेघ जागची हलली नाही, तर म्हणाली, पुसून परत काढली असणार, फिरतीवर रस्त्यांचे नकाशे काढायचे ते. आपला हेर म्हणून तिने माझी नेमणूक केली. मी दोन दिवस सकाळी जिन्यात बसले आणि पायांना डास चावून घेतले. काका खाली आलेसुद्धा नाहीत, ते वर गॅलरीत बसून चहा पीत होते. मावशीला हे सांगितलं, तर तिने मलाच विचारलं, "त्यांनी तुला फितवलं नाही ना?"

शेवटी तिने समोरासमोर विचारलं. मी तिथेच होते.

"तुम्ही गाडी काढता?"

"नाही गं."

"माझ्याकडे बघून सांगा."

काका म्हणाले, "नाही काढत." पण बघितलं त्यांनी तिच्या कानाच्या पलीकडे, खिडकीकडे. मावशीने माझ्याकडे असा कटाक्ष टाकला, जणू फाटकावर चोरी सापडली होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही काकांचा संशय आला. गेल्या कित्येक महिन्यांत ते कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हते, हे माझ्याही लक्षात आलं होतं.

ते निस्तरलं टेपवाल्याने. गाड्यांचं वायरिंग आणि टेप दुरुस्त करणारा हा बोलका माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात बसतो. मावशी मला आणि काकांना बसवून गाडी त्याच्याकडे घेऊन गेली ती "ही रात्रंदिवस कोण वापरतं ते शोधा" असं सांगत. त्याने किल्ली काढून घेतली, बॅटरीला मीटर लावला, थोडा वेळ थांबला, मग टेपचा फ्यूज उपटला. मीटरचा काटा खाली बसला.

"काकू, चोर सापडला. गाडी बंद केली तरी हा टेप आतून चालूच राहतो. सगळी बॅटरी हाच पितो."

म्हणजे काका निर्दोष सुटले. मावशीच्या चेहऱ्यावरून मणामणाचं ओझं उतरलेलं दिसलं. ती लगेच उदार झाली. "टाका काढून मेला. नवीन बसवा, चांगला पडद्याचा. यांना गाणी आवडतात."

आणि इथे काका बिथरले. "नको! आहे तोच दुरुस्त करा."

"होईल," टेपवाला म्हणाला, "पण पाठवावा लागेल, महिना जाईल, आणि जुन्याचा भरवसा नाही. नवीन संध्याकाळपर्यंत बसवून देतो. त्यात मागचा कॅमेरासुद्धा दिसतो."

"महिना लागू दे. मला हाच पाहिजे."

आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस भर रस्त्यात एका टेपसाठी भांडत होता. मावशीचे कान टवकारले. तिने मला बाजूला ओढलं. "बघितलंस? आरोप गेला तर माणूस खूश होतो. हे घाबरलेत. त्या टेपमध्ये काहीतरी आहे."

तिने टेपवाल्याला तो तिच्यासमोर बाहेर काढायला लावला, उघडायला लावला, उलटा करून आपटायला लावला. आतून धूळ पडली, एक केसांची पिन पडली आणि एक सुकलेला कोळी. पिन मावशीचीच होती. ती थोडी खट्टू झाली आणि त्या रागातच म्हणाली, "बसवा नवीन." हात कुठे ठेवावे ते काकांना कळत नव्हतं. मला त्यांची कणव आली, पण का ते मला कळत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही तिघं गाडी आणायला गेलो. जुन्या टेपच्या जागी काचेची गुळगुळीत पाटी बसली होती, एकही बटण नाही, नुसती रंगीत चित्रं. टेपवाला म्हणाला, "या काका, बसा. तुमची स्टेशनं लावून घ्या."

मावशी चालवायच्या सीटवर, काका शेजारी, मी मागे. काकांनी हात पुढे केला. बोटं काचेच्या कडेने फिरली, खाली गेली, पुन्हा वर आली. मग त्यांनी कुठेतरी दाबलं आणि आवाज एकदम कानठळ्या बसवणारा झाला. घाईत दुसरीकडे दाबलं, तर भाषाच बदलली. टेपवाल्याने हात घालून आवाज बंद केला.

"अहो, काय करताय?" मावशी हसत होती. "एवढं मोठं रेडिओचं चित्र आहे की समोर!"

"कुठे?" काका म्हणाले.

चित्र तळहाताएवढं होतं. त्यांचं बोट त्याच्या अगदी वर, काचेपासून जेमतेम दोन बोटं दूर होतं. मावशीचं हसू मावळलं. तिने आधी बोटाकडे पाहिलं, मग काकांकडे.

"तुम्हाला हे दिसत नाही?"

काकांनी हात मागे घेतला.

"डॉक्टर काय म्हणाले होते? आहे तसंच आहे म्हणालात ना? माझ्याकडे बघून सांगा."

काकांनी मान तिच्याकडे वळवली आणि नजर तिच्या कानाच्या पलीकडे गेली, त्या दिवशी गेली होती तशीच.

"अहो, माझ्याकडे बघा म्हणतेय!"

"तुझ्याकडेच बघतोय गं," काका म्हणाले. "सरळ बघितलं तर मधे नुसता डाग दिसतो, तिथे तू नसतेस. जरा बाजूला बघितलं की दिसतेस. चालता येतं, जिने उतरता येतात, चहा घेता येतो. बारीक काही दिसत नाही. त्या टेपची बटणं हाताला कळायची. तुला कळलं असतं तर घाबरून तू मला घरातच बसवलं असतंस, गाडीसुद्धा विकून टाकली असतीस."

कितीतरी महिने. इतक्या महिन्यांत रोज तिने ती नजर तपासली होती आणि रोज त्यांना गुन्हेगार ठरवलं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी खिडकीबाहेर बघू लागले. टेपवाला दाराशी जुना टेप हातात धरून अवघडून उभा होता. त्याने हळूच विचारलं, "काकू, मग हा नवीन...?"

"काढा," मावशी म्हणाली. "तो जुना दुरुस्तीला पाठवा. महिना लागू दे, वर्ष लागू दे." तिचा आवाज नेहमीसारखाच कडक होता.

मग ती सीटवर पूर्ण वळली, कपाळावरचे केस मागे सारले आणि हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसतात तशी स्थिर बसली.

"हं," ती म्हणाली. "बघा आता नीट. मी हलत नाही."

काकांनी नजर तिच्या कानाच्या पलीकडे नेली आणि बराच वेळ तिथेच ठेवली.