बंबाखूचा फोटो

माझ्या तरुणपणाचा एकच फोटो आहे आणि त्यात माझा फक्त हात आहे. मनगटापर्यंत, काचेच्या बांगड्यांसकट. हाताशेजारी बंबाखू उभा आहे. नातवंडं विचारतात, तोंड का नाही काढलं? तोंडाचं काय काम होतं? फोटो बंबाखूचा होता.

निपाणीकडच्या माणसाला बंबाखू सांगावा लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. थंडीत तंबाखूच्या बुडाशी जमिनीतून फिकट पिवळे कोंब वर येतात. त्यांना पान नसतं, हिरवा रंग नसतो. वीतभर वाढतात आणि अंगभर निळसर पांढरी फुलं धरतात. दिसायला वाईट नाही. पण त्याचं मूळ तंबाखूच्या मुळात रुतलेलं असतं. आयतं पिऊन वाढतो, आणि वरची तंबाखू सुकत जाते. बोंड वाळलं की बी उडतं, तपकिरीसारखं बारीक. ते जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि तंबाखू लावली की उठतं. म्हणून फूल उमलायच्या आत तो उपटायचा आणि जाळायचा.

मी चौथीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन निपाणीजवळच्या गावात आले. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. सासर जैन, शेतकरी. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे आणि सासूला आत्ती. मामांच्या रानात बंबाखू नाही, असं गावात नाव होतं आणि मामांना त्याचा ताठा होता. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, दर्शन झालं की बाहेर कट्ट्यावर बसून ते दुसऱ्यांना ऐकवायचे, "तुझं रान न्हाय ते, बंबाखूची बाग हाय."

माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी आमच्याच रानात, विहिरीकडच्या कोपऱ्यात, पाच-सहा कोंब वर आले. मामांचं तोंड उतरलं. त्याच दिवशी बेळगावच्या हायस्कुलातले एक मास्तर गावात आले. त्यांना चमत्कारिक झाडांचे फोटो काढायचा नाद होता. तीन पायांची घोडी, काळं फडकं, काचांची पेटी असं सगळं घेऊन सुटीत फिरायचे. आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून त्यांनी कणकुंबीच्या जंगलातले फोटो दाखवले. एकात इवलंसं झाड होतं, पानांवर चिकट थेंब, आणि थेंबांत किडे अडकलेले.

"हे झाड किडे खातं," मास्तर म्हणाले.

आत्तींनी फोटो लांब धरला. "शी! झाडानं मांस खावं? काय दिवस आले हो."

"आत्ती, मग आपला बंबाखू बरा की," मी म्हटलं. "नुसता रस पितोय."

मास्तर हसले. मामा हसले नाहीत. मास्तरांना फुललेल्या बंबाखूचा फोटो हवा होता. सगळं गाव फिरून झालं होतं, पण जो तो म्हणे, आमच्यात न्हाय, शेजाऱ्याच्यात बघा. फोटो म्हणजे पुरावाच. एक रोप फुलेपर्यंत ठेवा, असं त्यांनी मामांना विनवलं.

"मास्तर, साप पाळा म्हणा, पाळतो," मामा म्हणाले. "ह्यो न्हाय." आणि मला म्हणाले, "आजच सगळा उपट."

मी उपटला. एक ठेवला. का ठेवला याचं मोठं कारण नाही. माहेरीही तंबाखूच होती, लहानपणापासून तो फुलायच्या आत उपटलेलाच पाहिला होता, पुरा फुललेला कसा दिसतो ते बघायचं होतं. आणि आमच्या रानातलं काहीतरी त्या पेटीत जावं असंही वाटलं. मास्तर विहिरीवर पाणी प्यायला थांबले तेव्हा सांगून टाकलं, "एक ठेवलाय. आठ दिवसांनी या."

त्याच्यावर एक जुनी बुट्टी, बांबूची टोपली, पालथी घातली. तिचा काठ उसवला होता, तो मामांनी तारेनं शिवलेला. हिरवं झाड असतं तर बुट्टीखाली मेलं असतं. ह्याला उन्हाची गरजच नाही. अंधारात खुशाल वाढला. मी रोज बुट्टी उचलून बघायची. खालून वर एकेक फूल उघडत गेलं.

आठव्या दिवशी मास्तर आले नाहीत. त्यांची सर्व्हिस मोटार वाटेत बंद पडली आणि नंतर शाळा लागली. ते आले तेराव्या दिवशी. तोवर वर फुलं होती, पण खालची बोंडं वाळायला लागली होती. मामा निपाणीला गेले होते. मी बुट्टी काढून मागं बांधाजवळ टाकली. मास्तरांनी घोडी लावली, डोक्यावर फडकं घेतलं आणि आतून म्हणाले, "झाड केवढं ते कळायला शेजारी हात धर. हलू नकोस." मी हात धरला.

फोटो झाल्यावर ते म्हणाले, "आता मुळासकट उपटून दे. मला मूळ बघायचंय."

"आज चतुर्दशी हाय," मी म्हटलं. "आमच्यात आज झाडपाला तोडत न्हाईत."

"अगं, ह्याला पाला कुठाय?"

"पाला नसंल, जीव हाय की."

मास्तरांनी पुढं ताणलं नाही. दुसऱ्याचा नेम मोडायला लावणारा माणूस नव्हता तो. उद्या उपटून जाळ एवढं सांगून ते गेले. मी बुट्टी पालथी घालून घरी आले.

आमच्यात अष्टमी-चतुर्दशीला हिरवं काही तोडत नाहीत, भाजीसुद्धा खुडत नाहीत, हे खरं. पण बारा दिवस मी सासऱ्यांशी खोटं वागले आणि तेराव्या दिवशी धर्म पाळला. माझ्याएवढी मूर्ख मीच. दुसऱ्या दिवशी गेले तर वाऱ्यानं बुट्टी बांधाला जाऊन लागली होती. बोंडं फुटली होती. झाडाला हात लावला तर धूर निघावा तसं बी उडालं. उरलं ते जाळलं आणि गप्प बसले.

दोन महिन्यांनी टपालानं फोटो आला. मास्तरांनी भल्या मनानं तो मामांच्या नावानं पाठवला होता, आभार मानून. मामांनी फोटो उजेडात धरला. मागं बांधाजवळ बुट्टी पडलेली होती, तारेचे टाके स्वच्छ दिसत होते.

"बुट्टी माझी," मामा म्हणाले. "हात कुणाचा?"

"माझा."

मामांनी फोटो कोनाड्यात ठेवला आणि उठून गेले.

पुढच्या थंडीत विहिरीकडचा कोपरा बंबाखूनं भरला. मामा बांधावर उभे राहून म्हणाले, "ह्यो कोपरा तुझा. मी बोट लावणार न्हाय. रानात पुढं सरकला तर बघ." बस्तीच्या कट्ट्यावर लोकांनी सोडलं नाही. "काय आप्पा, बाग फुलली म्हणं?" मामा मान खाली घालून चपला घालत आणि घरी येत. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते रान साफ करायचं म्हणजे किती वर्षं, हे कुणालाच माहीत नव्हतं. दर थंडीला मी गुडघ्यावर बसून तो कोपरा वेचत असे. पोटुशी असतानाही वेचला. पाणी दिल्यावर कितव्या दिवशी डोकं काढतो, जमिनीला कुठं आधी भेग पडते, हे मला कळायला लागलं. कोंब वर यायच्या आधी बोटानं चाचपून काढायला शिकले. मास्तर एकदा परत आले, तेव्हा मी सांगेन ते वहीत उतरवून घेत होते. ते माझं काही देणं लागत नव्हते, पण त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. मी म्हटलं, तुम्ही उपटच म्हणाला होता.

स्वातंत्र्य यायच्या दोन वर्षं आधीच्या थंडीत कोपऱ्यात एकही निघाला नाही. मामा तेव्हा काठी टेकत चालत. सगळा कोपरा सरीसरीनं फिरले, वाकून बुडं बघितली. म्हणाले, "पुढच्या साली बघू."

पुढच्या साली एकच आला. मला दिसला तेव्हा खालचं पहिलं फूल उमलायच्या बेतात होतं. त्या दिवशी चतुर्दशी होती. मी इकडंतिकडं पाहिलं नाही. मुळासकट उपटला, तिथंच बांधावर पालापाचोळा गोळा करून जाळला आणि राख होईपर्यंत उभी राहिले.

घरी येऊन आत्तींना सांगितलं. आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवतात, त्यामुळं त्या घाईत होत्या. म्हणाल्या, "त्यात हिरवं कुठं असतंय?"

"मग त्या वक्ताला का न्हाय सांगितलं?"

"त्या वक्ताला तू इचाराय आलीस कुठं?"

सोप्यातून मामांचा आवाज आला, "जाळलंस न्हवं?"

"व्हय, जाळला."

"मग वाढ गं. ऊन गेलं."