तिच्या वतीनं

“मेरे पापा ती नई दाड़ी आई!” बालवाडीच्या फाटकातूनच ती ओरडत आली. चार वर्षांची, दोन शेंड्या, हात कमरेवर. तिच्या तोंडी क चा त आणि ग चा द होई. गाडीची दाढी झालेली मुलांना काय कळणार? सगळा घोळका बाहेर धावला आणि तिच्या वडिलांच्या गुळगुळीत गालांकडे बघून खिदळला, “अंकल, दाढ़ी किधर है?” वडीलही हसले. तिनं नव्या स्कूटरवर हात आपटला, “ये! ये दाड़ी!” आणि मग तीही हसली. तेव्हा हसायची ती.

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये मी ही बालवाडी चालवत असे. कारखान्यातल्या लोकांची मुलं. घरी कुणी मल्याळम बोले, कुणी भोजपुरी, हिच्या घरचे नागपूरकडचे. खेळायची भाषा मात्र हिंदी.

तिचं बोलणं नेमकं समजे ते शेजारच्या क्वार्टरमधल्या मैत्रिणीला. हिनं तोंड उघडलं की मुलं मैत्रिणीकडे बघत. “वो बोल रही है, गेंद इधर दो.” तुम्हीही पाहिलं असेल, मुलींची अशी जोडी जमली की मोठी माणसं निर्धास्त होतात.

एकदा भातुकलीत बाहुली हिच्याकडे होती. मैत्रिणीला ती हवी होती. ही म्हणाली, “नहीं, दुड़िया मेरी है.” मैत्रीण मुलांकडे वळली. “ये बोल रही है, गुड़िया मुझे दे दी.” आणि बाहुली ओढून घेतली.

“मैंने नहीं तहा!”

“तहा! तहा!” मुलांनी सूर धरला. तिनं मैत्रिणीच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीची आई आली. “ऐसे बच्चों को अलग बिठाइए, मैडम.” मी तसं केलं नाही, मुलांनीच केलं. ही जवळ आली की हात मागे घेत, “काटती है.” मग तिनं बोलणंच सोडलं. पाणी हवं असलं तर माझा पदर ओढून बोट दाखवी.

“घरी तर आम्हालाच गप्प बसवते हो, ताई,” तिची आई म्हणाली. मी घडलेलं सांगितलं. ती बराच वेळ मुलीच्या स्वेटरची बटणं लावत राहिली.

जवाहर चौकाजवळ मुलांचे उच्चार सुधारणाऱ्या एक बाई होत्या. आई तिला बसनं तिकडे नेऊ लागली. आरशासमोर बसायचं, जिभेचं टोक चमच्यानं दाबून धरायचं आणि क म्हणायचा. थंडी सरेपर्यंत क आला, मागोमाग ग आणि ख. फाटकाशी आईनं कौतुकानं म्हणवून घेतलं, “काका, खिडकी, गाजर.” अगदी स्वच्छ.

उन्हाळ्यात तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते भोपाळहून गेले. पुढे तिचं काय झालं, मला ठाऊक नाही. जाण्याआधीची एक सकाळ तेवढी डोळ्यांसमोर आहे. मुलं हात धरून गोल फिरत होती. मैत्रिणीनंच एक हात सोडून पुढे केला. “आ जा. खेलेगी?”

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

“मुझे नहीं खेलना.”

एकेक अक्षर स्पष्ट. कुणी हसलं नाही. मैत्रिणीनं शेजारच्या मुलाचा हात धरला आणि गोल पुन्हा फिरू लागला.