बांधावरचा सौदा

डोंगरावरचं अभयारण्य आणि खालचा ओढा यांच्यामध्ये माझं रान आहे. बैलबाजारात दुसऱ्यांची जनावरं हाकत मी सुरुवात केली, पुढं दलाली केली आणि हे रान स्वतःच्या हिमतीवर घेतलं. त्याच वर्षी शेजारच्या थोरल्या चुलतभावानं बाभळीच्या फांट्या टाकून माझी गाडीवाट बंद केली. रान त्यालाही हवं होतं, मी आधी व्यवहार केला, एवढाच माझा गुन्हा. तेव्हापासून सोयाबीनची पोती माणसांच्या डोक्यावरून बाहेर काढायची आणि दर पोत्याला त्याला एक शिवी द्यायची, असा माझा सुगीचा कार्यक्रम होता.

गेल्या उन्हाळ्यात अभयारण्याचा आराखडा करणाऱ्या मॅडम नकाशा घेऊन बांधावर आल्या. ससे, मोर, खोकड यांना जंगलातून ओढ्यापर्यंत आडोशानं उतरता यावं म्हणून बांधाबांधानं झुडपांचा हिरवा पट्टा करायचा होता. तो सगळीकडं जुळला होता, फक्त आमच्या दोघांच्या बांधावर तुटत होता.

"मोठी झाडं लावणार का? सावलीनं पीक बसतं," मी विचारलं.

"नाही काका. बोर, करवंद, तरवड. आणि माळाचं गवत आहे तसंच ठेवायचं."

अडलेलं गिऱ्हाईक मला लांबून ओळखू येतं. मी म्हणालो, "पट्टा देतो. पण त्याला लागून दादांच्या रानातून ट्रॅक्टर जाईल अशी वाट पाहिजे. रोपांना पाणी घालायला तुमचा टँकर तरी कुठनं येणार?"

मॅडमनी बांधापलीकडं उभ्या असलेल्या दादांकडं, त्याच माझ्या चुलतभावाकडं, पाहिलं.

"वाट न्हाय," दादा म्हणाले. "आज वाट दिली तर उद्या ह्यो घर मागंल."

"तुमचं घर फुकट दिलं तरी नको मला. लई गळतंय ते."

तिथून आवाज असे चढले की मॅडम नकाशाची घडी घालू लागल्या. ते बघून दादाच जरा नरमले. "पट्टा सगळा तुझ्या अंगानं घे. मग वाटेचं बोलू."

मी तोंड कडू केलं. आत मात्र गुदगुल्या होत होत्या, कारण बांधाच्या माझ्या बाजूला नुसता मुरूम आहे, पेरलेलं बीसुद्धा परत येत नाही.

"बरं, या रुमालाखाली," म्हणत दादांनी उपरणं हातावर टाकलं. तेही बैलबाजारात मुरलेले. रुमालाखाली सौदा बोटांनी होतो, आणि तो होईपर्यंत तोंड बंद.

"एका बोटाला दोन फूट," मी म्हणालो आणि हात आत घातला.

मी पाच बोटं दाबली. त्यांनी एक. दोन फुटांत शेळीलाही अंग चोरून जावं लागलं असतं! संताप तोंडापर्यंत आला आणि तिथंच अडला. दादांसमोर इतका वेळ गप्प मी कधीच बसलो नव्हतो.

"काका, हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

मी पुन्हा पाच दाबली, जोरात. दादांनी दोन. मी हात काढून घेतल्यासारखं केलं, त्यांनी मनगट सोडलं नाही. मग त्यांनी तीन. मी चार. दादांनी एकदा डोंगराकडं बघितलं आणि चार दाबली.

"आठ फूट," उपरणं झटकत ते मॅडमना म्हणाले. "लिहा. ह्यात बदल व्हायचा न्हाय."

मॅडमनी नकाशावरची सरळ रेघ पुसली आणि माझ्या बाजूनं वळवून काढली. "वळण चालेल," त्या हसल्या. "ससा तरी कुठं सरळ पळतो?"

यंदाच्या सुगीत ट्रॉली भरून मी पहिल्यांदा त्या वाटेला लागलो. दादा पुढं हात हलवत चालले होते. "ए, उजवीकडं घे! बोरीवर घालतो का चाक?"

वळणावर मी ट्रॅक्टर थांबवला, उतरून टेपनं मोजलं. साडेसात भरलं.

"दादा, अर्धा फूट खाल्लात तुम्ही!"

"आन् तुझ्या पट्ट्यातला मोर माझा भुईमूग उकरतोय, त्याचं काय?"

"मोर सरकारचा."

"मग अर्धा फूट सरकारकडं माग."

ट्रॉली मात्र सगळ्या पोत्यांसकट डांबरी रस्त्याला लागली. त्या अर्ध्या फुटाचं मी अजून सोडलेलं नाही.